सीमेपलीकडचं माहेर : आदिवासींचा सीमा ओलांडण्याचा हक्क, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

८ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्र सरकारने भारत-म्यानमार सीमेवरची मुक्त संचार व्यवस्था, म्हणजे सीमेलगतच्या लोकांना व्हिसाशिवाय ये-जा करू देणारी पद्धत, बंद करण्याची घोषणा केली. सीमेवर कुंपण घालणार, हे त्याआधी दोनच दिवस जाहीर झालं होतं. या निर्णयाबद्दल बोलताना आपल्याकडे बहुतेक चर्चा सुरक्षेभोवती फिरते. ज्यांच्या गावातून ती सीमा जाते, त्यांचा काही हक्क आहे का, हा प्रश्न क्वचितच निघतो. हा प्रश्न जगात नवा नाही. त्यावर अडीचशे वर्षांपूर्वीपासून करार झाले आहेत, खटले लढले गेले आहेत. ते सगळं एका जागी समजून घेता यावं म्हणून ही प्रश्नोत्तरं.

हा हक्क म्हणजे नेमकं काय?

एखाद्या समाजाचा मुलूख दोन किंवा अधिक देशांत वाटला गेला असेल, तर त्या समाजातल्या माणसाला आपल्याच मुलखाच्या दुसऱ्या भागात जाता यावं. नातेवाइकांना भेटता यावं, शेत, कुरण, देवस्थान गाठता यावं, घरचं सामान सोबत नेता यावं. आणि हे करताना दर वेळी त्याला परदेशी पाहुणा समजून वागवलं जाऊ नये. मागणी एवढीच आहे. सगळ्या जगासाठी सीमा खुल्या करा, असं यात कोणी म्हणत नाही. वेगळा देश द्या, असंही यात नाही.

स्थलांतरितांच्या प्रश्नाशी याची गल्लत होते, म्हणून एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. हे लोक कुठूनही आलेले नाहीत. त्यांची गावं होती तिथेच आहेत. रेषा नंतर आली आणि ती आखताना त्यांना कोणी विचारलं नाही.

असे समाज कुठे कुठे आहेत?

अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवर मोहॉक, ब्लॅकफूट, सिनिक्स्ट आणि इतर अनेक. अमेरिका-मेक्सिको सीमेवर तोहोनो ओओधाम, याकी, किकापू. उत्तर युरोपात सामी, ज्यांचा मुलूख नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशिया या चार देशांत विभागला आहे. आपल्याकडे म्यानमारच्या सीमेवर कोन्याक, खियामनिउंगन आणि तांगखुल नागा, मिझो, कुकी, चिन, सिंगफो, तांगसा. यादी याहून बरीच मोठी आहे. पुढे ज्यांच्या हक्काला कागदोपत्री इतिहास आहे, अशांवरच भर दिला आहे.

अमेरिका-कॅनडाच्या संदर्भात ‘जे करार’ सतत ऐकू येतो. तो काय आहे?

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धानंतर ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात बरेच वाद शिल्लक होते. ते मिटवण्यासाठी १९ नोव्हेंबर १७९४ रोजी लंडनमध्ये करार झाला. अमेरिकेच्या वतीने वाटाघाटी जॉन जे यांनी केल्या, म्हणून त्यांचं नाव. त्याच्या तिसऱ्या कलमात व्यापाऱ्यांच्या आणि प्रजाजनांच्या जोडीला सीमेच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्या ‘इंडियन’ लोकांचा स्वतंत्र उल्लेख आहे. त्यांना जमिनीवरून किंवा नद्या-सरोवरांतून मोकळेपणाने येता-जाता येईल, आणि स्वतःच्या सामानावर त्यांना जकात पडणार नाही, असं हे कलम सांगतं. त्यातच एक अपवादही आहे: मोठमोठे गठ्ठे, जे या लोकांत सहसा नसतात, ते त्यांचं खरं घरचं सामान धरलं जाणार नाही. म्हणजे घरगुती वापर आणि व्यापार यांतला फरक १७९४ सालीही सगळ्यांना कळत होता.

१८१२ साली दोन्ही देशांत पुन्हा युद्ध झालं. १८१४ च्या गेंट करारात, युद्धाआधी आदिवासींना जे हक्क होते ते परत देण्याचं वचन दोन्ही बाजूंनी दिलं. जुना हक्क युद्धाने संपला की टिकला, हा वाद नंतर शंभर वर्षांहून अधिक काळ चालला.

माझ्या दृष्टीने या कलमाचं खरं महत्त्व त्याच्या भूमिकेत आहे. येण्या-जाण्याची सोय दोन सरकारांनी मेहेरबानी म्हणून दिलेली नाही. हे लोक आधीपासून ये-जा करतात आणि नव्या रेषेने त्यात अडथळा आणू नये, हे दोघांनी मान्य केलं आहे. पुढच्या प्रत्येक वादात हाच मुद्दा फिरून फिरून येतो: हक्क आधीचा आहे की सरकारने दिलेला?

मग आज अमेरिकेत हा हक्क चालतो का?

चालतो, पण अर्धवट. त्यामागे एका लोखंडकाम करणाऱ्या माणसाचा खटला आहे.

पॉल डायबो हे माँट्रियलजवळच्या काह्नवाके इथले मोहॉक. काह्नवाकेचे कारागीर पूल आणि उंच इमारतींचे सांगाडे उभारण्यात नावाजलेले होते. डायबो फिलाडेल्फियात डेलावेअर नदीवरच्या मोठ्या पुलावर काम करत होते. १९२४ साली अमेरिकेने स्थलांतराचा कडक कायदा केला आणि त्या कायद्याखाली डायबो यांना बेकायदा परदेशी ठरवून हद्दपार करायची कारवाई झाली. त्यांनी न्यायालयात दाद मागितली. १९२७ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. न्यायाधीशांनी म्हटलं की ही सीमा अमेरिका आणि ब्रिटन यांच्या प्रदेशांमधली आहे. तिने आदिवासींच्या देशाचे तुकडे केलेले नाहीत. १९२८ मध्ये वरच्या न्यायालयाने हा निकाल कायम ठेवला आणि त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने कायदा करून कॅनडात जन्मलेल्या आदिवासींचा सीमा ओलांडण्याचा हक्क मान्य केला.

हा विजय एकट्या डायबो यांचा नव्हता. टस्करोरा समाजाचे क्लिंटन रिकार्ड यांनी १९२६ साली इंडियन डिफेन्स लीग ऑफ अमेरिका ही संघटना उभी केली आणि हा प्रश्न लावून धरला. नायगारा फॉल्स इथे दर वर्षी जुलैमध्ये या संघटनेचे लोक मिरवणुकीने सीमा ओलांडतात. १९२८ पासूनची ही प्रथा आहे.

आता अर्धवटपणा कुठे आहे ते पाहू. १९५२ च्या स्थलांतर कायद्यात हा हक्क कायम राहिला, पण एक अट घालून: किमान ५० टक्के आदिवासी ‘रक्त’ हवं. ही अट पूर्ण करणाऱ्या, कॅनडात जन्मलेल्या माणसाला व्हिसाशिवाय अमेरिकेत जाता येतं, राहता येतं, नोकरी करता येते आणि त्याला हद्दपार करता येत नाही. पण त्याच्या मुलीने समाजाबाहेर लग्न केलं, तर नातवंडांचा टक्का घसरतो आणि हक्क जाऊ शकतो. आजोबा सीमेपलीकडे राहू शकतात, नातू राहू शकत नाही. आपला माणूस कोण, हे मोहॉक समाज कुळावरून ठरवत आला, आणि कुळ आईकडून येतं. टक्क्यांची मोजणी बाहेरून लादलेली आहे. १७९४ च्या करारात तिचा मागमूसही नाही. ही अट काढून समाजाचं सदस्यत्व पुरेसं मानावं, ही मागणी अनेक वर्षांची आहे आणि ती पूर्णपणे रास्त आहे.

कॅनडात का चालत नाही? करार तर दोघांमध्ये होता.

कॅनडाने ब्रिटिश पद्धत घेतली. त्या पद्धतीत सरकारने केलेला करार संसदेने कायदा केल्याशिवाय देशातल्या न्यायालयात लागू होत नाही. आपल्या राज्यघटनेच्या २५३व्या कलमाखालीही आंतरराष्ट्रीय करारांची अंमलबजावणी संसदेच्या कायद्याने होते, त्यामुळे भारतीय वाचकाला ही अडचण ओळखीची वाटेल.

लुई फ्रान्सिस यांनी अमेरिकेतून आणलेलं धुलाईयंत्र, फ्रिज आणि तेलावर चालणारा हीटर यांच्यावरच्या जकातीला आव्हान दिलं. १९५६ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, जे करार इथे कायद्यात उतरलेला नाही, जकात भरावी लागेल. मग १९८८ मध्ये अक्वेसास्ने इथले मोहॉक प्रमुख माइक मिचेल यांनी ठरवून पाऊल उचललं. त्यांनी धुलाईयंत्र, ब्लँकेटं, बायबलच्या प्रती, कपडे, खाद्यपदार्थ असं सामान अमेरिकेच्या बाजूने आणलं, आणलंय असं नाक्यावर स्वतः सांगितलं आणि जकात भरायला नकार दिला. बरंचसं सामान टायेंडिनागा या दुसऱ्या मोहॉक वस्तीला भेट द्यायचं होतं. आकारलेली रक्कम होती १४२ डॉलर ८८ सेंट. खालच्या दोन न्यायालयांत ते जिंकले. २००१ साली सर्वोच्च न्यायालयात हरले. युरोपीय लोक येण्याआधी मोहॉक लोक सेंट लॉरेन्स नदी ओलांडून उत्तरेकडे व्यापार करत होते याचा पुरेसा पुरावा नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. नदीकाठी राहणाऱ्या लोकांना नदी ओलांडत होतो हे सिद्ध करायला लावणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

म्हणजे कॅनडात सगळे दरवाजे बंद?

तसं नाही. २०२१ चा डिसोटेल निकाल महत्त्वाचा आहे. सिनिक्स्ट लोकांचा मूळ मुलूख आजच्या ब्रिटिश कोलंबियात, पण बहुतेक लोक दक्षिणेला वॉशिंग्टन राज्यात ढकलले गेले. १९५६ साली कॅनडा सरकारने त्यांच्या कॅनडातल्या गटाला चक्क नामशेष जाहीर केलं. २०१० मध्ये रिचर्ड डिसोटेल या अमेरिकी नागरिक असलेल्या सिनिक्स्ट माणसाने पूर्वजांच्या भूमीत, कॅनडात, एल्क जातीच्या एका हरिणीची शिकार केली आणि वनरक्षकांना स्वतःहून कळवलं. परवाना नाही आणि रहिवासी नाही म्हणून खटला भरला गेला. सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला: आज सीमेबाहेर राहणारा समाजही ‘कॅनडाच्या आदिवासी लोकां’मध्ये मोडू शकतो. नामशेष म्हणून नोंदवलेले लोक न्यायालयात उभे राहिले आणि जिंकले.

शिकारीच्या हक्कासोबत सीमा ओलांडण्याचा हक्क आपोआप येतो का, हा प्रश्न मात्र न्यायालयाने खुला ठेवला. कॅनडात आदिवासी म्हणून प्रवेशाचा हक्क आज फक्त कॅनडाच्या इंडियन कायद्याखाली नोंद असलेल्यांना आहे. अमेरिकेत जन्मलेल्या आणि कॅनडात नोंद नसलेल्या भाऊबंदांना नाही.

अक्वेसास्नेत रोजचं जगणं कसं असतं?

नकाशा डोळ्यांसमोर आणल्याशिवाय हे कळत नाही. सेंट लॉरेन्स नदीकाठची ही एक मोहॉक वस्ती. तिचा दक्षिणेकडचा भाग अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात, एक भाग कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात आणि नदीतलं कॉर्नवॉल बेट ऑन्टॅरिओ प्रांतात. क्वेबेकमधल्या भागातून बेटावर गाडीने जायचं तर अमेरिकेतून जावं लागतं, जरी दोन्ही टोकं कॅनडात असली तरी. एकाच समाजावर दोन देश, एक राज्य, दोन प्रांत यांचे कायदे, दोन निवडून आलेली मंडळं आणि त्यांच्याही आधीपासूनची पारंपरिक प्रमुखांची परिषद.

कॅनडाचा तपासणी नाका पूर्वी या बेटावरच होता. २००९ मध्ये कॅनडा सरकारने नाक्यावरच्या अधिकाऱ्यांना पिस्तुलं द्यायचं ठरवलं. आपल्या घरांच्या आणि मुलांच्या मध्ये शस्त्रधारी माणसं नकोत, असं म्हणत रहिवाशांनी विरोध केला. १ जूनच्या मुहूर्तावर अधिकारी नाका सोडून गेले, पूल सुमारे सहा आठवडे बंद राहिला आणि नाका नदीपलीकडे कॉर्नवॉल शहरात गेला. तेव्हापासून न्यूयॉर्कच्या बाजूने बेटावरच्या आपल्या घरी येणाऱ्या माणसाने आधी घरावरून पुढे जायचं, दुसरा पूल ओलांडून कॉर्नवॉलच्या नाक्यावर हजेरी लावायची आणि मग उलट फिरून घरी यायचं. हजेरी न लावता थेट घरी गेलेल्यांच्या गाड्या जप्त झाल्या आहेत. किराणा आणायला, आजीला भेटायला, मुलांना खेळाला सोडायला, प्रत्येक खेपेला हा फेरा. ‘सीमाप्रश्न’ हा शब्द वर्तमानपत्रात फार भारदस्त वाटतो. इथे तो संध्याकाळच्या दुधाच्या पिशवीत आहे.

अमेरिकेच्या दक्षिण सीमेवरही असा करार आहे का?

सगळ्यांसाठी नाही. १८५३-५४ मध्ये अमेरिकेने मेक्सिकोकडून जमीन विकत घेतली आणि नवी सीमा तोहोनो ओओधाम लोकांच्या वाळवंटी मुलखातून गेली. जे करारासारखं कलम त्या व्यवहारात नव्हतं. आज त्यांच्या राखीव प्रदेशाची सुमारे १०० किलोमीटर कड सीमेला लागून आहे आणि समाजाचे काही लोक मेक्सिकोच्या सोनोरा राज्यात राहतात. दर ऑक्टोबरमध्ये संत फ्रान्सिसच्या उत्सवाला सोनोरातल्या मॅग्डालेनाची पायी वारी असते. मीठ आणायला समुद्रापर्यंत जाण्याची जुनी पवित्र यात्राही दक्षिणेलाच. पूर्वी तारेच्या कुंपणातल्या दारांतून सहज जाता येई. नंतर गस्त वाढली, दारं कमी झाली.

किकापू लोकांसाठी मात्र काँग्रेसने १९८३ साली खास कायदा केला. टेक्सासच्या ईगल पास गावात आंतरराष्ट्रीय पुलाखाली झोपड्या करून राहणाऱ्या या लोकांना जमीन, नागरिकत्वाचा पर्याय आणि मेक्सिकोत मोकळेपणाने येण्या-जाण्याचा हक्क त्या कायद्याने दिला. इच्छा असेल तर विसाव्या शतकाच्या शेवटीही असा कायदा होऊ शकतो, याचा हा पुरावा.

सामी लोकांचा १७५१ चा दस्तऐवज इतका गाजलेला का?

कारण तो जे करारापेक्षाही जुना आहे आणि अनेक बाबतींत त्याहून उदार आहे. तेव्हा नॉर्वे डेन्मार्कच्या आणि फिनलंड स्वीडनच्या राज्यात होतं. दोन राज्यांनी सीमा आखली आणि सीमाकराराला एक पुरवणी जोडली. वसंतात आणि शरदात सामींनी रेनडिअरचे कळप घेऊन सीमा ओलांडावी, पलीकडच्या चराईसाठी माफक पैसे द्यावेत, कर मात्र एकाच राजाला द्यावा. आणि दोन राज्यांत युद्ध पेटलं तरी सामींना त्यात ओढू नये, त्यांचं येणं-जाणं चालू राहावं.

पुढे हे टिकलं नाही. १८५२ साली रशियाच्या ताब्यातल्या फिनलंडची नॉर्वेबरोबरची सीमा कळपांसाठी बंद झाली आणि १८८९ मध्ये फिनलंड-स्वीडन सीमाही. १९१९ मध्ये नॉर्वे आणि स्वीडन यांनी चराईवर इतकी बंधनं आणली की स्वीडिश हद्दीतल्या उत्तरेकडच्या अनेक सामी कुटुंबांना सरकारने शेकडो किलोमीटर दक्षिणेला हलवलं. पण पुरवणी रद्द झालेली नाही. २०२१ मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्वीडनमधल्या सारिवुओमा या सामी गटाचा नॉर्वेतल्या जुन्या कुरणांवरचा हक्क मान्य केला. कुरणं वापरात होती ती पिढ्यान्‌पिढ्या. सरकारचा कायदा ती अशी काढून घेऊ शकत नाही.

संयुक्त राष्ट्रांचं काय म्हणणं आहे?

१३ सप्टेंबर २००७ रोजी आदिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा आमसभेत १४४ विरुद्ध ४ मतांनी संमत झाला. त्याचं ३६वं कलम सीमांनी विभागलेल्या समाजांसाठीच आहे. आध्यात्मिक, सांस्कृतिक, राजकीय, आर्थिक आणि सामाजिक कारणांसाठी सीमेपलीकडच्या आपल्या लोकांशी संबंध राखण्याचा आणि वाढवण्याचा हक्क ते मान्य करतं, आणि त्यासाठी सरकारांनी परिणामकारक उपाय करावेत असं सांगतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८९ च्या १६९व्या करारातही ३२वं कलम याच विषयावर आहे.

विरोधात मत देणारे चार देश होते अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. पुढे चौघांनीही भूमिका बदलली. कॅनडाने तर २०२१ मध्ये जाहीरनाम्याच्या अंमलबजावणीचा कायदा केला आणि २०२३ च्या कृती आराखड्यात सीमेचा प्रश्न घेतला.

भारताने जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिलं. मात्र सगळेच भारतीय मूळचे, म्हणून हा जाहीरनामा आपल्या अनुसूचित जमातींना विशेष लागू होत नाही, अशी भूमिका भारत घेत आला आहे. कामगार संघटनेचा १६९वा करार भारताने स्वीकारलेला नाही. जाहीरनामा न्यायालयात थेट बजावता येत नाही, हे खरं. तरी सरकारला प्रश्न विचारण्यासाठी तो पक्का आधार आहे.

भारत-म्यानमार सीमेवर आधी काय पद्धत होती?

ही सीमा १,६४३ किलोमीटरची, अरुणाचल, नागालँड, मणिपूर आणि मिझोराम या चार राज्यांना लागून. तिची मुळं १८२६ च्या यांडाबो तहात आणि नंतरच्या ब्रिटिश मोजण्यांत आहेत. १९३७ मध्ये ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानातून वेगळा झाला आणि प्रशासकीय रेषेची देशांमधली सीमा झाली.

स्वतंत्र भारताने सुरुवात चांगली केली होती. १९५० मध्ये नियम बदलून सीमेपासून ४० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या डोंगरी जमातींना पासपोर्ट-व्हिसाशिवाय ये-जा करायला मोकळीक दिली. १९६८ मध्ये बंडखोरीमुळे परवाने आले. २००४ मध्ये अंतर १६ किलोमीटरवर आलं. ११ मे २०१८ रोजी दोन्ही देशांनी लेखी करार केला: वर्षभर चालणारा सीमापास आणि पलीकडे एका वेळी जास्तीत जास्त दोन आठवडे मुक्काम. ‘ॲक्ट ईस्ट’ धोरणाचा भाग म्हणून तेव्हा त्याचं कौतुकही झालं.

२०२४ नंतर काय बदललं?

फेब्रुवारीत व्यवस्था बंद करण्याची घोषणा झाली. मिझोरामच्या विधानसभेने २८ फेब्रुवारीला आणि नागालँडच्या विधानसभेने १ मार्चला विरोधाचे ठराव केले. मणिपूर सरकारने मात्र ही व्यवस्था बंद करावी अशीच मागणी केली होती. त्या वर्षाच्या अखेरीस नवी पद्धत आली: अंतर १० किलोमीटर, मुक्काम सात दिवस, क्यूआर कोड असलेला पास, बोटांचे ठसे आणि ठरलेल्या ४३ ठिकाणांहूनच प्रवेश.

म्हणजे ४० चे १६ झाले, १६ चे १०. प्रत्येक वेळी निर्णय दिल्लीत झाला आणि लोकांना नंतर कळला. हे का होऊ शकलं? आपल्याकडे येण्या-जाण्याची ही मोकळीक कधीच त्या समाजांचा हक्क म्हणून मान्य झाली नाही; ती सरकारी सवलत राहिली. सवलत एका घोषणेने थांबते. डायबो यांच्यासाठी १९२७ साली न्यायालय जे म्हणू शकलं, ते म्हणायला आपल्या न्यायालयांकडे तसा कायदाच नाही. संसदेने तो करावा. त्यात पास असू दे, नोंद असू दे, तपासणीही असू दे. पण हक्क कोणाचा, हे स्पष्ट लिहिलेलं हवं.

आणि सुरक्षा? अमली पदार्थ, शस्त्रं, अतिरेकी यांचं काय?

हा प्रश्न खोटा नाही. म्यानमारच्या शान राज्यातून येणारे अमली पदार्थ, सीमेपलीकडचे सशस्त्र गटांचे तळ, फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतरचं यादवी युद्ध, मे २०२३ पासूनचा मणिपूरचा हिंसाचार, यांचा त्रास सगळ्यात आधी सीमेवरच्या गावांनाच होतो. इंफाळ खोऱ्यात अनेकांना कुंपण हवं आहे आणि त्यांच्या भीतीला कारणं आहेत.

पण तस्कराला आणि सासरहून माहेरी निघालेल्या बाईला एकाच मापाने मोजलं तर तस्कर वाट शोधतो आणि बाई अडते. ओळख पटवणं आणि हक्क मानणं एकत्र जमतं. अमेरिकेने २००९ मध्ये जमिनीवरच्या सीमेसाठी कागदपत्रांचे नियम कडक केले, तेव्हा आदिवासी समाजांना स्वतःची ओळखपत्रं काढण्याची मुभाही दिली. सरकारी निकषांत बसणारं, चिप असलेलं, पण समाजाने दिलेलं ओळखपत्र. ॲरिझोनातल्या पास्कुआ याकी समाजाने ते सगळ्यात आधी काढलं. मिझोराम, नागालँडमध्ये ग्रामपरिषदा आणि जमातींच्या मंडळांकडे असं काम सोपवता येईल. कोण आपल्या गावचा, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक?

लोंगवा गावात खरंच प्रमुखाचं घर दोन देशांत आहे?

हो. नागालँडच्या मोन जिल्ह्यातल्या या कोन्याक गावातून सीमा जाते आणि अंघ म्हणजे वंशपरंपरागत प्रमुख, त्यांच्या घरातूनही. अंघांचा मान सीमेच्या दोन्ही बाजूंच्या गावांत चालतो. पर्यटकांना या घराचं फार अप्रूप. एक पाय इथे, एक पाय तिथे असे फोटो काढतात. त्या फोटोत दिसत नाही ते हे की गावच्या शेतांचा मोठा भाग पलीकडे आहे आणि कुंपण सरळ रेषेत गेलं तर पेरणी आणि कापणी दोन्ही फाटकाच्या वेळापत्रकावर जातील.

नेपाळची सीमा खुली आहेच की. तिथल्या आदिवासींना हा हक्क मिळालाच ना?

फायदा मिळतो. भारत-नेपाळ सीमा दोन्ही देशांच्या सगळ्याच नागरिकांना खुली आहे, त्यामुळे थारू किंवा लिंबू कुटुंबांना अडचण येत नाही. मात्र ती सोय नागरिक म्हणून आहे.

महाराष्ट्राचा याच्याशी काही संबंध आहे का?

आज महाराष्ट्राला दुसऱ्या देशाची भूसीमा नाही. पण फार जुनी गोष्ट नाही: १९४७ ते १९५४ या काळात वारली, कोकणा आणि धोडिया लोकांच्या मुलखातून देशांमधली सीमा जात होती. एका बाजूला तेव्हाचा ठाणे जिल्हा, दुसऱ्या बाजूला पोर्तुगीजांचं नगर हवेली. बोली तीच, देव तेच, सोयरीक दोन्हीकडे. २ ऑगस्ट १९५४ ला नगर हवेली मुक्त झालं आणि ती रेषा गेली.

यावरून पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा लावला: दमणहून दादरा आणि नगर हवेलीला जाण्याचा आम्हाला मार्गाचा हक्क आहे. खटल्यात पेशव्यांशी झालेल्या १७७९ च्या तहाचा मराठी मजकूरही तपासला गेला, आणि त्या तहाने सार्वभौमत्व दिलेलं नसून महसुलाचा सरंजाम दिला होता, असं न्यायालयाला दिसलं. १२ एप्रिल १९६० च्या निकालात खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट होती, सैन्याला आणि शस्त्रांना नव्हती, आणि भारताने काही चूक केली नाही, असं ठरलं. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासात हा खटला आजही शिकवला जातो. वारल्यांच्या रानातून जायचा हक्क कोणाला, यावर चार वर्षांहून अधिक काळ खटला चालला. पण वाद होता तो दोन सरकारांमधला. वारल्यांचा स्वतःचा हक्क हा प्रश्नच न्यायालयापुढे नव्हता.

काही आदिवासी स्वतःचा पासपोर्ट वापरतात, हे खरं आहे?

हौदनोशोनी, म्हणजे मोहॉकांसह सहा राष्ट्रांचा संघ, वापरतो. त्यांचे प्रमुख देस्काहे १९२३ साली अशाच पासपोर्टवर जिनिव्हाला राष्ट्रसंघाकडे दाद मागायला गेले होते. दाद लागली नाही, पण प्रवास झाला. २०१० मध्ये त्यांचा लॅक्रॉस संघ जागतिक स्पर्धेसाठी मँचेस्टरला निघाला. हा खेळ मुळात त्यांचाच. अमेरिकेने परत येऊ देण्याची एकवेळची हमी दिली, तरी ब्रिटनने व्हिसा नाकारला. अमेरिकी किंवा कॅनेडियन पासपोर्टवर जायला खेळाडूंनी नकार दिला आणि स्पर्धा सोडली.

आम्ही लोंगवा किंवा मिझोराममधल्या चंफाईला फिरायला गेलो, तर या व्यवस्थेखाली म्यानमारमध्ये जाता येईल का?

नाही. सीमापास फक्त ठरलेल्या अंतरात राहणाऱ्या स्थानिकांसाठी आहे. शिवाय नागालँड, मिझोराम, अरुणाचल आणि मणिपूर या चारही राज्यांत जायला बाहेरच्या भारतीय नागरिकाला इनर लाइन परमिट लागतं; ते आधी ऑनलाइन काढून ठेवा. आणि तिथे कोणाच्या घरात सीमा कुठून जाते ते बघायला जाणार असाल, तर आधी घरच्यांची परवानगी घ्या.